मनगटावरचा पट्टा नेमकं काय ऐकतो? (स्नायू, सिग्नल आणि थोडं अवांतर)

खटपट्या

स्मार्ट चष्म्यांच्या धाग्यावर अवांतर फार वाढलं म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथे कुणीतरी "आता विचार वाचणारा पट्टा आलाय" असं लिहिलं आणि पुढचं पानभर त्यावरच गेलं. मनगटावर बांधायचा, बोटांच्या खुणा ओळखून चष्मा चालवणारा हा पट्टा विचार वाचत नाही. तो जे करतो ते त्याहून साधं आहे आणि मला तरी त्याहून जास्त मजेदार वाटतं.

आधी एक करून बघा. उजवा हात टेबलावर उताणा ठेवा. डाव्या हाताची दोन बोटं कोपराच्या जरा खाली, आतल्या मांसल भागावर हलकी दाबून धरा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटा. कातडीखाली काहीतरी सरकताना लागेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते इथे वर बसलेले असतात आणि लांब कंडरांनी मनगटातून बोटं ओढतात. अंगठ्याच्या बुडाशी आणि तळव्यात छोटे स्नायू आहेत, पण जड काम कोपर आणि मनगटाच्या मध्येच चालतं. हाताला पट्टा बांधून बोटांचा पत्ता लागतो तो यामुळे.

आता सिग्नल. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूत उतरतो आणि तिथल्या चेतापेशीच्या लांब तंतूवरून स्नायूपर्यंत येतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू यांना मिळून मोटर युनिट म्हणतात. चेतापेशीने एकदा इशारा दिला की तिचे सगळे तंतू एकदम पेटतात. म्हणजे चेतापेशीचा बारीकसा सिग्नल स्नायूच मोठा करून देतो, आपल्याला आयता ॲम्प्लिफायर मिळतो. तरी कातडीपर्यंत पोचेस्तोवर उरतं काय? काही मायक्रोव्होल्ट, जोर लावला तर एखाद-दोन मिलिव्होल्ट. त्यातला कामाचा भाग साधारण २० ते ४५० हर्ट्झच्या दरम्यान असतो. हे कातडीवरून मोजणं म्हणजे सरफेस ईएमजी (इलेक्ट्रोमायोग्राफी, स्नायूंतल्या विजेची नोंद).

तेव्हा नुसता विचार करून हात सैल सोडलात तर पट्ट्याला काही ऐकू येणार नाही. हुकूम स्नायूपर्यंत पोचायला हवा. मात्र डोळ्यांना हालचाल दिसलीच पाहिजे असं नाही. दोन बोटांची चिमूट मनात आणून किंचित ताण दिला तरी सिग्नल येतो, आणि तो प्रत्यक्ष जोर लागायच्या ३० ते १०० मिलिसेकंद आधी येतो. "मन वाचलं" असा भास होतो तो बहुधा याच फटीतून.

प्रकार जुना आहे. एमिल द्यु ब्वा-रेमों याने १८४९ मध्ये माणसाच्या स्वेच्छेने आवळलेल्या हातातून वीज मोजून दाखवली. कातडीचा विरोध आड येत होता, म्हणून त्याने हातावर फोड आणून वरची कातडी काढली आणि उघड्या जागेला इलेक्ट्रोड लावले. वीज मोजणाऱ्या गॅल्व्हनोमीटरची सुई मोठी हलली. (स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांबद्दल आदर आहे, पण कृपया अनुकरण नको.) पुढे १९१२ च्या सुमारास हान्स पायपरने तारेच्या गॅल्व्हनोमीटरवर नीट नोंदी घेतल्या आणि १९४० च्या दशकात म्युनिकमध्ये राइनहोल्ड राइटरने स्नायूंच्या सिग्नलवर चालणारा कृत्रिम हात बनवला.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल तो मायो. कॅनडातल्या थॅल्मिक लॅब्जने २०१३ मध्ये जाहीर केलेला, कोपराखाली घालायचा, आठ सेन्सरचा पट्टा. मूठ, हात आत, हात बाहेर, बोटं पसरणं, बोटाने दोनदा टिचकी, एवढे पाच हावभाव तो ओळखायचा. २०१८ मध्ये बंद पडला. कंपनी नाव बदलून नॉर्थ झाली, चष्म्यांकडे वळली आणि २०२० मध्ये गूगलने घेतली. मायोची पेटंटं मात्र २०१९ मध्ये कंट्रोल-लॅब्जकडे गेली. ही इंटरनेट एक्सप्लोररवाल्या थॉमस रिअर्डनने चेताविज्ञान शिकून मग सहकाऱ्यांबरोबर काढलेली कंपनी. त्याच वर्षी फेसबुकने तीच विकत घेतली. २०२५ मध्ये मेटाने (म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकने) चष्म्याबरोबर विकायला काढलेला पट्टा त्या वंशातला.

माझं म्हणणं एवढंच की सिग्नल पकडणं हे यातलं सोपं काम आहे. आज पकडलेला सिग्नल उद्या त्याच माणसाच्या हातावर तसाच येत नाही, आणि दुसऱ्या माणसाच्या हातावर तर नाहीच नाही. गेली अनेक वर्षं ही विद्या प्रयोगशाळेत अडकून पडली ती यापायी. यावर जाणकारांनी लिहावं.

शंकासुर

लेख छान. पण एक मूलभूत शंका. घड्याळं दोन बोटं टेकवलेली ओळखतातच की! मग हा वेगळा पट्टा कशाला?

खटपट्या

शंकासुर, ॲपल वॉचचं २०२३ चं डबल टॅप घ्या. त्यात ईएमजी नाही. मनगटाचे बारीक हादरे ॲक्सलरोमीटर आणि जायरोस्कोपवरून कळतात, आणि बोटं आवळल्यावर रक्तप्रवाहात होणारा फरक नाडी मोजणाऱ्या प्रकाशाच्या सेन्सरवरून. एक ठसठशीत हावभाव ओळखायला ते भरपूर झालं. पण हे सगळं हालचाल झाल्यानंतरचे परिणाम मोजणं आहे. किती जोराने दाबलं, हात न हलवता दाबलं का, हे त्यातून फारसं निघत नाही. कॅमेऱ्याला हात दिसावा लागतो. ईएमजीला खिशातला हातही चालतो. हा फायदा छोटा समजू नका.

तांत्रिक_मांत्रिक

मी यातल्या मशीन लर्निंगच्या बाजूचा, म्हणून थोडं सविस्तर.

१९९३ मध्ये हजिन्स आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम हातासाठी एक पद्धत दिली. सिग्नलचे छोटे तुकडे पाडायचे, साधारण २०० मिलिसेकंदांचे, आणि प्रत्येक तुकड्यातून मोजकेच आकडे काढायचे. सरासरी उंची किती, शून्यरेषा किती वेळा ओलांडली, चढ-उताराची दिशा किती वेळा बदलली, एकूण रेघ किती लांब. बस. हे आकडे वर्गीकरण करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचे. इतकं साधं असूनही ते इतकं चांगलं चालतं की आजही नवीन पेपरात तुलनेला हेच घेतात. पण दर माणसाला दर वेळी आधी शिकवणी घ्यावी लागते. पट्टा काढून परत घातला, इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकले, की शिकवणी पुन्हा.

मायोबद्दल एक तांत्रिक बाब. तो सेकंदाला २०० नमुने घ्यायचा. कुठलंही कंपन टिपायला त्याच्या निदान दुप्पट नमुने लागतात, म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट कळणं शक्यच नाही, आणि खटपट्या यांनी वर लिहिलेला सिग्नल तर ४५० हर्ट्झपर्यंत जातो. अर्धं गाणं कापून टाकल्यावर राग ओळखायला सांगितल्यासारखं. तरीही पाच हावभाव ओळखायचा हे कौतुकाचं आहे.

मेटाच्या गटाने जुलै २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये जे छापलं ते वाचण्यासारखं आहे. मनगटावर १६ वाहिन्या (सिग्नलच्या १६ वेगळ्या नोंदी), सेकंदाला २००० नमुने. आणि खरी गोष्ट म्हणजे हजारो लोकांकडून गोळा केलेला डेटा. एवढ्या वेगवेगळ्या हातांवर शिकवलेलं मॉडेल, कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातावर शिकवणीशिवाय चालवून दाखवलं. बोटांनी हवेत किंवा टेबलावर अक्षरं गिरवायची, त्यात मिनिटाला २०.९ शब्दांचा वेग मिळाला. त्या माणसाचे स्वतःचे थोडे नमुने दिल्यावर हस्ताक्षर ओळखणं आणखी १६ टक्क्यांनी सुधारलं.

आता हा आकडा जमिनीवर आणू. फोनवर लोक मिनिटाला सरासरी ३६ शब्दांच्या आसपास टाइप करतात. म्हणजे पट्टा कीबोर्ड हटवणार वगैरे गप्पा सोडा. चालता चालता "हो, पोचतोय" एवढं उत्तर द्यायला तो उत्तम.

यात माझी एक तक्रारही आहे. ही झेप कल्पनेपेक्षा डेटाची आहे आणि तेवढे हात गोळा करणं विद्यापीठातल्या गटांना परवडत नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे काही डेटा त्यांनी खुला केलाय. कीबोर्डवर टाइप करतानाच्या ईएमजीचा १०८ लोकांचा ३४६ तासांचा संच २०२४ मध्ये आला. हौशी मंडळींनी तिथून सुरुवात करावी.

हाडवैद्यीण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रुग्णांना ईएमजी बायोफीडबॅक देते (त्यांच्या स्नायूचा सिग्नल त्यांनाच पडद्यावर दाखवून सराव करून घेते). "आज पकडलेला सिग्नल उद्या येत नाही" याची कारणं आमच्या बाजूने सांगते, कारण इंजिनियर मंडळी सगळा दोष इलेक्ट्रोडवर टाकून मोकळी होतात.

हात उताणा ठेवून खटपट्या यांनी सांगितलेली जागा पेनाने खूण करून ठेवा. आता कोपर न हलवता हात पालथा करा. खूण आणि तिच्याखालचा स्नायू आता एकमेकांसमोर नाहीत. कातडी एका बाजूला गेली, स्नायू दुसऱ्या. इलेक्ट्रोड कातडीला चिकटलाय, त्यामुळे पट्टा जराही न सरकता तो आता शेजारच्या स्नायूचं बोलणं ऐकतोय. आणि शेजारी तिथे पुष्कळ आहेत. मनगट वाकवणारे, बोटं वाकवणारे, हात फिरवणारे, सगळे दाटीवाटीने. एकाचा आवाज दुसऱ्याच्या इलेक्ट्रोडवर येतोच.

मग चरबीचा थर. जाड असेल तर सिग्नल दबतो आणि पसरतो. कोरडी त्वचा, केस, घाम. थोडा घाम कोरड्या इलेक्ट्रोडला मदतच करतो, पण फार झाला की दोन इलेक्ट्रोडमध्ये पाण्याचा पूल तयार होतो. आणि थकवा! स्नायू थकला की सिग्नल खालच्या हर्ट्झकडे घसरतो आणि बहुतेकदा उंचीने वाढतो. म्हणजे मशीनला वाटेल माणूस जोर वाढवतोय, आणि माणूस बिचारा दमलाय.

अजून एक. सिग्नलची उंची म्हणजे जोर नव्हे. संबंध आहे, पण तो स्नायूगणिक आणि सांध्याच्या कोनागणिक बदलतो. "किती जोराने दाबलं ते कळतं" हे विधान एवढं लक्षात ठेवून, जरा जपूनच घ्यावं.

माझी व्यावसायिक धास्ती वेगळीच आहे. दिवसभर तीच चिमूट, तोच अंगठा. माउसने मनगटं धरली, फोनने अंगठे धरले, आता हे. सूक्ष्म हालचाल म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. त्रास कमी जोराच्या पण सतत ताठ धरलेल्या स्नायूलाही होतो.

शंकासुर

हाडवैद्यीण, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता पेनाची खूण करून बघितली. खरंच सरकते की! पेन नीट निवडायला हवं होतं, आता जात नाहीये.

एकहाती

बराच काळ वाचनमात्र होतो, या धाग्यावर राहवलं नाही. मी ईएमजीवर चालणारा कृत्रिम हात वापरतो. तुम्हाला नवीन वाटतंय ते तंत्र आमच्यातल्या लोकांच्या अंगावर कित्येक दशकं आहे.

माझ्या हातात दोन इलेक्ट्रोड आहेत. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मनगट आत वाकवायचं मनात आणून ताण दिला की पंजा मिटतो, बाहेर वाकवायचं मनात आणलं की उघडतो. मनगट माझ्याकडे नाही, पण ते वाकवणारे स्नायू उरलेल्या हातात आहेत आणि त्यांना हुकूम अजून पोचतो. पकड बदलायची असेल तर दोन्ही स्नायू एकदम आवळायचे. तुम्ही पाच हावभावांवर नाक मुरडताय, माझे रोजचे दोन आहेत आणि त्यांवर मी बुटांची नाडी बांधतो.

अचूकतेबद्दल. प्रात्यक्षिकात ९५ टक्के ऐकायला छान वाटतं. म्हणजे वीसांत एक चूक. चष्म्यावर गाणं चुकून पुढे गेलं तर तुम्ही हसाल. माझ्या हातात काचेचा पेला असतो. म्हणून नवीन, पाच-सहा पकडी ओळखणारी यंत्रणा मिळाली तरी आमच्यातले बरेच जण दोन इलेक्ट्रोडवर परत येतात. कमी करतं, पण काय करेल ते ठाऊक असतं.

हात खांद्याच्या वर नेला की पंजा आपोआप उघडायचा, हा माझा जुना अनुभव. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून वस्तू काढताना हमखास. हात बसवून देणाऱ्यांनी आधी "सवय होईल" म्हणून वाटेला लावलं. नंतर एका तंत्रज्ञाने हात खाली, समोर आणि वर अशा तिन्ही ठिकाणी सिग्नल घेऊन पुन्हा जुळवणी केली तेव्हा कुठे थांबलं. जुळवणी कायम बसून, कोपर टेबलावर टेकवूनच का करतात हे मला न सुटलेलं कोडं आहे.

तांत्रिक_मांत्रिक

एकहाती, हा प्रतिसाद वेगळा धागा होण्याच्या लायकीचा आहे. तुम्ही सांगितलेल्या प्रकारावर संशोधन आहे, हाताच्या स्थितीचा परिणाम म्हणून. कारण साधंच: हात वर धरायला लागणारे स्नायूही आवळतात, कातडी ओढली जाते, सॉकेटचा (कृत्रिम हाताच्या, उरलेल्या हातावर बसणाऱ्या खोबणीचा) दाब बदलतो. उपायही तुमच्या तंत्रज्ञाने केला तोच. शिकवणीत सगळ्या स्थिती घ्याव्या लागतात.

ज्यांचा हात खांद्यापासून गेलाय त्यांच्यासाठी शिकागोत टॉड कुइकेन यांनी वेगळीच वाट काढली. हाताकडे जाणाऱ्या उरलेल्या नसा शस्त्रक्रियेने छातीच्या स्नायूंना जोडायच्या. मग "मूठ मिट" हा हुकूम छातीवर वाचता येतो. स्नायू निव्वळ ॲम्प्लिफायर म्हणून वापरलाय, धाग्याच्या सुरुवातीला जे म्हटलंय तेच अगदी टोकाला नेऊन.

नवशिका_गडी

घरी करून बघायचंय. हौशी लोकांसाठीचा ईएमजी बोर्ड आणि चिकटवायचे इलेक्ट्रोड आहेत. काय काळजी घ्यावी?

खटपट्या

पहिली आणि न मोडायची गोष्ट: अंगाला इलेक्ट्रोड असताना काहीही भिंतीतल्या विजेला जोडलेलं नको. बोर्ड बॅटरीवर, लॅपटॉप चार्जर काढून. छातीवर आडवे इलेक्ट्रोड लावण्याचे प्रयोग नकोत. पेसमेकर असेल तर हा छंदच नको.

जागा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या. दोन इलेक्ट्रोड स्नायूच्या तंतूंच्या दिशेने, एकमेकांपासून साधारण दोन सेंटिमीटरवर, मांसल भागाच्या मधोमध. मनगटाजवळच्या कंडरेवर नको, तिथे दोरीच आहे, ओढणारा नाही. तिसरा इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर.

आता पडद्यावरची रेघ बघा. हात सैल सोडल्यावर ती सपाट असायला हवी. सपाटऐवजी एकसारख्या बुटक्या लाटा दिसल्या आणि एका सेकंदात त्या ५० (किंवा तुमच्या विजेप्रमाणे ६०) भरल्या, तर तो स्नायू नाही, भिंतीतली वीज आहे. बहुतेक वेळा तिसरा इलेक्ट्रोड सुटलेला असतो. तो दाबा, लाटा झटकन बसतात. मग मूठ आवळा. रेघ एकदम केसाळ होते, वरखाली दाट काटे, कुठलाच आकार पुन्हा येत नाही. कारण शेकडो तंतूंचे सिग्नल एकमेकांवर चढलेले असतात. मग मूठ सोडून फक्त करंगळी अगदी हलकेच दाबा. काटे विरळ होतात, आणि नशीब असेल तर एकाच आकाराचा काटा ठरावीक अंतराने टक् टक् येताना दिसेल. बहुधा ते एकच मोटर युनिट. १९६३ मध्ये बस्माजियन यांनी हेच पुढे नेलं होतं. लोकांना त्यांचे एकेकटे मोटर युनिट आवाजात ऐकवले आणि ते स्वतःच्या मर्जीने चालू-बंद करायला शिकवले. त्यासाठी त्यांनी बारीक तारा स्नायूत घातल्या होत्या, आपण कातडीवरच थांबू.

केबल हलवली की मोठी संथ लाट येते. तीही स्नायू नाही. २० हर्ट्झच्या खालचं कापून टाका.

कायद्याचं_बोला

इतक्या गप्पांत कुणी हा विषय काढला नाही म्हणून. जो पट्टा कीबोर्ड न लावता टाइप करू देतो, तो तुम्ही दुसऱ्याच कीबोर्डवर पासवर्ड टाइप करत असतानाही हातावरच असतो. वर दिलेला १०८ लोकांचा संच नेमका खऱ्या कीबोर्डवरच्या टाइपिंगचा आहे, म्हणजे हे कल्पनेतलं नाही.

शिवाय हाताचा कंप, स्नायूंचा अशक्तपणा, थकवा यांच्या खुणा याच सिग्नलमध्ये असतात. आज चिमटीसाठी घेतलेला डेटा उद्या तब्येतीबद्दल बोलू शकतो. अमेरिकेत २०२४ मध्ये कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी चेतासंस्थेच्या डेटाला संवेदनशील माहितीचं संरक्षण दिलं, आणि त्यांच्या व्याख्येत मेंदूबरोबर हातापायांच्या नसाही धरल्या आहेत. त्यामुळे "आम्ही मेंदू वाचत नाही, फक्त मनगट" ही पळवाट तिथे चालू नये. पट्टा घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: कच्चा सिग्नल पट्ट्यातच राहतो की बाहेर जातो.

शंकासुर

आणि नाक खाजवलं तर? मी बोलताना हातवारे फार करतो. मेल जायची आपोआप!

खटपट्या

हाच तर रोजचा झगडा. हावभाव ओळखण्याइतकंच, हे हावभाव *नाहीत* हे ओळखणं कठीण. म्हणून सहसा रोजच्या हालचालीत न येणारी खूण ठेवतात, उदाहरणार्थ अंगठा तर्जनीच्या कडेवरून सरकवणं, किंवा आधी एखादी जागं करणारी खूण. पेला उचलताना अंगठा असा सरकत नाही. तरी तुमच्यासारख्यांची खात्री नाही. :)

हाडवैद्यीण

एक राहिलं. मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांत हात हलत नाही, पण हलवायचा प्रयत्न केला की पडद्यावर क्षीण सिग्नल दिसतो. हुकूम पूर्ण तुटलेला नसतो, थेंबथेंब पोचत असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा लोकांबरोबर मनगटी पट्ट्याचं काम चालू आहे. ज्याला माउस धरता येत नाही त्याला त्या थेंबावर कर्सर हलवता आला तर चष्म्यावरची गाणी बदलणं गेलं खड्ड्यात.

शंकासुर

एकहाती, थेट विचारतो, राग मानू नका. असा बाजारातला पट्टा तुमच्या उरलेल्या हातावर बसला तर घ्याल का?

एकहाती

राग कसला! घेईन. दोन अटींवर. कुठल्या ताणाला काय व्हावं ते मला ठरवता आलं पाहिजे, कारण कारखान्यात ठरलेली चिमूट मला काढताच येत नाही. आणि कंपनीने उद्या मायोसारखं दुकान बंद केलं तरी कच्चा सिग्नल बाहेर काढायची सोय उघडी हवी. मायोच्या वेळी ती होती, म्हणून बंद पडल्यावरही कृत्रिम हातावर काम करणारे लोक जुने पट्टे वापरत राहिले. नवीन पट्ट्यांत ही सोय आहे का, कुणाला माहीत असल्यास इथेच लिहा.